नाते गावचे चिंतामणराव देशमुख

मंत्रिमंडळाची यादी आपल्या घरांत कशी वाचली जाते, हे वेगळे सांगायला नको. पोर्ट लुईसला नवे सरकार येते, नावे जाहीर होतात, आणि घरातली वडीलधारी माणसे चष्मा पुसून आधी एकच गोष्ट शोधतात : आपला कोणी आहे का? असला तर खाते कोणते? नसला तर जेवणाच्या ताटावर त्याची चर्चा आठवडाभर चालते. आम्ही पोटासाठी मॉरिशस सोडून इथे रास अल खैरला आलो, तरी ही सवय सुटली नाही. इथे रेल्वेने वाळवंटातून फॉस्फेट आणि बॉक्साइट येते, समुद्राचे पाणी गोडे होते, आणि पाळी संपली की आमच्यातले काही जण मोबाइलवर तीच जुनी यादी शोधत बसतात.

स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा ठरवले, की यादीत आपले नाव आले म्हणजे पुढे नेमके काय होते, हे ज्याच्या आयुष्यातून कळते अशा माणसाबद्दल लिहावे. तो माणूस कोकणातला, आपल्या पूर्वजांच्याच मुलखातला. चिंतामण द्वारकानाथ देशमुख. स्वतंत्र भारताचे तिसरे अर्थमंत्री.

त्यांच्याशी आपले आणखी एक नाते आहे, ते रुपयाचे. आपले खापरपणजोबा मुंबई बंदरातून जहाजात चढले तेव्हा त्यांच्या करारात मजुरी रुपयांत लिहिलेली होती. गिरमिटियांबरोबर रुपया मॉरिशसला इतका रुजला, की १८७६ साली तेथील सरकारने रुपयालाच कायद्याने चलन केले. आज आम्ही ज्या आखाताच्या काठावर राहतो तिथेही तीच गोष्ट. शेजारच्या कुवेत, बहारीन, कतारमध्ये गेल्या शतकाच्या साठीच्या दशकापर्यंत हिंदुस्थानी रुपयाच चालत होता. मोती, खजूर, कापड, तांदूळ, सगळ्यांचा हिशेब रुपयांत. आणि १९४३ ते १९४९ या काळात निघालेल्या दोन, पाच, दहा आणि शंभर रुपयांच्या नोटांवर सही होती ती चिंतामणरावांची. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. (एक रुपयाची नोट सरकारची असते, तिच्यावर गव्हर्नरची सही नसते. हे आम्हालाही इथल्या एका नाणी जमवणाऱ्या मित्राकडून कळले.)

जन्म १४ जानेवारी १८९६, संक्रांतीचा. गाव नाते, महाडहून रायगडाकडे जाताना लागते ते. वडील रोह्याला वकिली करत. घर कायस्थ प्रभूंचे, लिहित्या-वाचत्या लोकांचे, पण श्रीमंती नव्हती. रोह्यासारख्या गावात शिकलेला हा मुलगा १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने मिळवली. त्या काळी मुंबई इलाख्यात ही शिष्यवृत्ती मिळवणे म्हणजे गावाची मान उंच होणे. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात ते गेले, आणि शिकले काय, तर वनस्पतिशास्त्र! १९१८ साली लंडनमध्ये आयसीएसची परीक्षा झाली, तिच्यात पुन्हा पहिले.

त्यानंतरची वीस वर्षे मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या सरकारी नोकरीची. जमाबंदी, महसूल, अर्थखाते. हा भाग आम्ही लांबवत नाही, कारण साहेबांच्या राज्यातल्या चांगल्या अधिकाऱ्याचे आयुष्य जसे असायचे तसेच ते होते. १९३१ मध्ये लंडनला दुसरी गोलमेज परिषद भरली तेव्हा तिच्या सचिवालयात ते होते. म्हणजे ज्या परिषदेला गांधीजी काँग्रेसचे एकटे प्रतिनिधी म्हणून गेले, तिथेच नात्याचा हा तरुण सरकारच्या बाजूने कागद सांभाळत होता. हे लक्षात ठेवायला हवे. पुढे मंत्रिमंडळात त्यांच्याभोवती जी माणसे बसली, त्यांतली बहुतेक त्या वर्षांत तुरुंगाच्या आत-बाहेर करत होती.

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर. १९४४ साली ब्रेटन वुड्सला जगातल्या ४४ देशांची परिषद भरली, जिच्यातून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक जन्मली. त्या परिषदेला गेलेल्या हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात चिंतामणराव होते, आणि षण्मुखम् चेट्टीही. फाळणीनंतर काही महिने एकच रिझर्व्ह बँक भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांची बँक होती. घर वाटले गेले, पण तिजोरी सामायिक. त्या वेळी त्या तिजोरीपाशी बसलेला माणूस किती थंड डोक्याचा असावा लागला असेल, याची कल्पना भाऊबंदकी पाहिलेल्या कोणालाही करता येईल. १ जानेवारी १९४९ ला बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले तेही त्यांच्याच कारकिर्दीत.

आता मंत्रिमंडळाकडे येऊ.

१५ ऑगस्ट १९४७ ला भारताचे जे पहिले मंत्रिमंडळ बसले त्यात नेहरूंसह १४ जण होते. ते नुसते काँग्रेसचे नव्हते. कायदामंत्री डॉ. आंबेडकर, उद्योगमंत्री श्यामाप्रसाद मुखर्जी, अर्थमंत्री षण्मुखम् चेट्टी, रेल्वेमंत्री जॉन मथाई, व्यापारमंत्री भाभा ही माणसे काँग्रेसच्या लढ्यातून आलेली नव्हती. काही तर काँग्रेसचे कडवे टीकाकार होते. शिवाय धर्म, प्रांत, जात यांचाही विचार यादीत दिसतो : मौलाना आझाद आणि रफी अहमद किडवाई, सरदार बलदेवसिंग, राजकुमारी अमृत कौर, जगजीवनराम. मराठी माणसे दोन. एक डॉ. आंबेडकर, ज्यांचे मूळ गाव आंबडवे रत्नागिरी जिल्ह्यातले, आणि दुसरे पुण्याचे काकासाहेब गाडगीळ, ज्यांच्याकडे बांधकाम, खाणी आणि वीज ही खाती होती. अनेक समाज एकत्र नांदवणाऱ्या मॉरिशससारख्या देशात वाढलेल्या आपल्याला अशी यादी कशी जुळवतात ते लगेच कळते.

या यादीतली एक गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. पहिले तिन्ही अर्थमंत्री तुरुंगात न गेलेले. चेट्टी जुन्या जस्टिस पक्षाचे, मथाई अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि टाटांच्या उद्योगातले, आणि तिसरे चिंतामणराव, आयसीएस अधिकारी, ज्यांना १९४४ साली इंग्रज सरकारने सर ही पदवी दिली होती. खजिन्याची किल्ली पक्षाबाहेरच्या माणसाकडे द्यायची, असा जणू शिरस्ताच पडला. आमच्या मते त्यामागे सरळ हिशेब होता. लढाईनंतर इंग्लंडकडे भारताचे मोठे स्टर्लिंग येणे अडकले होते, धान्य बाहेरून आणायचे होते, आणि आकडे वाचता येणारा, लंडन-वॉशिंग्टनला ज्याच्या शब्दाला वजन आहे असा माणूस नेहरूंना हवा होता. पण ज्याच्यामागे पक्ष नाही, त्याला खुर्चीवरून उठवणेही सोपे असते. यादी वाचताना ही दुसरी बाजू सहसा दिसत नाही.

मथाई १९५० मध्ये बाहेर पडले. नवा नियोजन आयोग अर्थखात्याच्या डोक्यावर बसेल, ही त्यांची एक मोठी तक्रार होती. त्यांच्या जागी नेहरूंनी आणले कोणाला? त्याच नियोजन आयोगाच्या एका सदस्याला! जून १९५० मध्ये चिंतामणराव अर्थमंत्री झाले. तेव्हा मंत्रिमंडळात वल्लभभाई होते, आझाद होते, गोपालस्वामी अय्यंगार, कन्हैयालाल मुन्शी, हरेकृष्ण महताब होते. आंबेडकर आणि गाडगीळ अजून होते. म्हणजे काही काळ दिल्लीच्या त्या टेबलाशी तीन मराठी माणसे बसत होती, आणि त्यांतल्या दोघांचे मूळ कोकणात. मग डिसेंबर १९५० मध्ये वल्लभभाई गेले, सप्टेंबर १९५१ मध्ये आंबेडकरांनी हिंदू कोड बिल रखडल्यावर राजीनामा दिला. राष्ट्रीय म्हणून जे मंत्रिमंडळ सुरू झाले होते ते हळूहळू एका पक्षाचे आणि एका नेत्याचे होत गेले.

१९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक चिंतामणरावांनी काँग्रेसच्या तिकिटावर लढवली. मतदारसंघ कुलाबा, म्हणजे आजचा रायगड. ज्या खाडीकाठच्या गावांतून माणसे एकेकाळी मुंबईच्या डेपोकडे चालत निघाली, त्याच पट्ट्याने आपला अर्थमंत्री दिल्लीला पाठवला. लोकांत मिसळणारा पुढारी असा त्यांचा स्वभाव नव्हता. बोलणे मोजके, मराठी शुद्ध, मध्येच संस्कृत. फावल्या वेळात त्यांनी कालिदासाच्या मेघदूताचा मराठी पद्यानुवाद केला होता. पण कुलाब्याने त्यांना निवडून दिले.

सहा वर्षांत त्यांच्या हातून काय झाले? पहिली पंचवार्षिक योजना, मुळात २०६९ कोटी रुपयांची, तिचा पैसा उभा करणे हे अर्थखात्याचे काम होते. १ जुलै १९५५ ला जुनी इंपीरियल बँक स्टेट बँक झाली. खेड्यात शाखा उघडायच्या हा तिच्यामागचा उद्देश. कंपन्यांचा नवा कायदा झाला. आणि १९ जानेवारी १९५६ च्या रात्री चिंतामणरावांनी रेडिओवरून देशाला सांगितले, की आयुर्विम्याच्या सगळ्या कंपन्या सरकार आपल्या ताब्यात घेत आहे. देशी-परदेशी मिळून २४५ विमा संस्था. बातमी अशी गुप्त ठेवली होती की कंपन्यांना पैसे हलवायला फुरसत मिळू नये. आज भारतात ज्याच्या घरी एलआयसीची पावती आहे त्याच्या घरी त्या रात्रीचा थोडा अंश आहे.

मधल्या काळात घरचीही एक गोष्ट घडली. त्यांची पहिली पत्नी रोझिना इंग्रज होती. तिच्या निधनानंतर जानेवारी १९५३ मध्ये त्यांनी दुर्गाबाईंशी लग्न केले. दुर्गाबाई आंध्रच्या, घटना समितीच्या सदस्य, बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या. नोंदणी लग्न झाले आणि साक्षीदार म्हणून सही केली ती नेहरूंनी. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण पुढचे भांडण दोन परक्या माणसांचे नव्हते.

विम्याच्या त्या रात्रीची तारीख पुन्हा पाहा. १९ जानेवारी. तीनच दिवस आधी, १६ जानेवारीला, नेहरूंनी रेडिओवरून सांगितले होते की मुंबई शहर महाराष्ट्राला मिळणार नाही, ते केंद्राच्या ताब्यात राहील. मुंबई पेटली होती. नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनला गोळीबार झालाच होता, जानेवारीत तर रस्तोरस्ती झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०५ माणसे गेली असे आपण म्हणतो. त्यांतली बरीच या दिवसांतली, गिरणगावातली. आणि गिरणगाव म्हणजे कोण? कोकणातून आलेला चाकरमानी. आपल्या पूर्वजांनी मुंबईहून जहाज पकडले, त्यांच्या चुलत्यांच्या नातवंडांनी मुंबईतच गिरणी पकडली, एवढाच फरक.

चिंतामणरावांनी तेव्हाच राजीनाम्याची तयारी नेहरूंना दाखवली होती. तो लांबणीवर पडला. ते कामे उरकत राहिले, अंदाजपत्रक मांडले. या महिन्यांबद्दल महाराष्ट्रात त्यांच्यावर टीका झाली, आणि ती अगदीच अन्यायाची होती असे आम्हाला वाटत नाही. लोक रस्त्यावर मरत असताना अर्थमंत्री दिल्लीत फाइली पाहत आहेत, हे दृश्य चांगले नव्हते. पण उतावळेपणाने उठून जाणारा हा माणूस नव्हता. सगळे मार्ग संपल्याशिवाय कागदावर शेवटची सही करायची नाही, ही त्यांची जन्माची सवय.

जूनच्या सुरुवातीला नेहरू मुंबईत आले आणि काँग्रेसच्या अधिवेशनाच्या वेळी जाहीर करून गेले, की मुंबई पाच वर्षे केंद्राच्या ताब्यात राहील. इथे चिंतामणरावांचा बांध फुटला. त्यांचा आक्षेप नुसता मुंबई कोणाची हा नव्हता. हा निर्णय मंत्रिमंडळापुढे आलाच नव्हता, असे त्यांचे म्हणणे होते. राज्यपुनर्रचनेचा गुंता पक्षाच्या एका छोट्या समितीने, नेहरू, आझाद, पंत आणि ढेबर या चौघांनी हाताळला होता. ज्या टेबलाशी सगळ्या प्रांतांची माणसे विचार करून बसवली, त्या टेबलावर तो प्रश्न ठेवलाच नाही.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. भारताची असो की मॉरिशसची, ही मंत्रिमंडळाची पद्धत मूळ इंग्लंडची. तिचा पाया असा की आत काय ते भांडा, पण एकदा ठरले की बाहेर सगळे एका तोंडाने बोला. ज्याला ते पटत नाही त्याने खुर्ची सोडावी. या सामुदायिक जबाबदारीमुळेच मंत्र्याला आपल्याच लोकांच्या रोषाला तोंड द्यावे लागते. पण जो निर्णय आत झालाच नाही, त्याची जबाबदारी बाहेर कशी घ्यायची? चिंतामणरावांनी नेमका हाच प्रश्न विचारला. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी सरकारने नाकारली, त्याचेही त्यांना दुःख होते. नेहरूंचे म्हणणे वेगळे होते. पंतप्रधानाला धोरण सांगण्याचा अधिकार आहे आणि मंत्रिमंडळाच्या सहकाऱ्यांशी वेळोवेळी चर्चा झाली होती, अशी त्यांची बाजू होती. राज्यशास्त्राची मंडळी यावर अजून वाद घालतात. आम्हाला इतके दिसते, की ज्याच्या लग्नाला साक्षीदार झाले त्या सहकाऱ्यालाही पंतप्रधान आत घेऊन बोलले नाहीत.

जुलै १९५६ मध्ये राजीनामा मंजूर झाला आणि चिंतामणरावांनी लोकसभेत उभे राहून कारणे सांगितली. ते निवेदन शांत होते, म्हणूनच ते फार लागले. इतर प्रांतांच्या सभासदांनाही प्रथमच कळले की महाराष्ट्रात जे चालले आहे ते केवळ रस्त्यावरच्या जमावाचे नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला दिल्लीतून मिळालेला तो मोठा आधार होता. मराठी जनतेने त्यांना महाराष्ट्राचा कंठमणी म्हटले. काही आठवड्यांतच दिल्लीने निर्णय फिरवला आणि गुजरात-महाराष्ट्र मिळून मोठे द्वैभाषिक मुंबई राज्य करण्याचे ठरले. ते १ नोव्हेंबर १९५६ ला झाले, आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र. हे सगळे एका राजीनाम्याने झाले असे कोणी म्हणू नये. रस्त्यावर रक्त सांडले त्यांचे श्रेय आधी. पण मंत्रिमंडळातला आपला माणूस उठून बाहेर आला, ही गोष्ट त्या लोकांना किती मोलाची वाटली असेल, ते आपल्याला समजते.

दिल्लीने त्यांना पुन्हा मंत्री केले नाही, आणि त्यांनी मागितलेही नाही. मात्र वैरही धरले नाही, दोघांनीही. त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, पुढे १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दिल्लीत इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभे राहिले त्यात त्यांचा मोठा वाटा. १९६९ साली राष्ट्रपतिपदासाठी स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी त्यांना उभे केले. गिरी निवडून आले, संजीव रेड्डी दुसरे, चिंतामणराव तिसरे. आमच्या मते त्यांनी त्या निवडणुकीत पडायला नको होते. ते भांडण काँग्रेसच्या दोन गटांचे होते. त्यात नात्याच्या या पंडिताला कोण विचारणार?

शेवटची वर्षे हैदराबादला, दुर्गाबाईंच्या गावाकडे गेली. दुर्गाबाई १९८१ मध्ये वारल्या. २ ऑक्टोबर १९८२ ला चिंतामणरावही गेले. दिवस गांधीजयंतीचा.

आपल्यापैकी कोणाच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत, पोथीच्या पानांत किंवा रत्नागिरीहून आलेल्या जुन्या पाकिटात सहाव्या जॉर्ज राजाचे चित्र असलेली हिंदुस्थानी नोट असेल, तर ती एकदा उजेडात धरून पाहावी. खाली गव्हर्नरच्या जागी देशमुखांची सही दिसली तर स्मरणिकेच्या संपादकांना जरूर कळवावे. आमच्याकडे इथे एक दहाची आहे, बहारीनच्या बाजारात मिळालेली. कोपरा फाटलेला आहे, सही मात्र स्पष्ट आहे.